रोबोट वर बघत नाही

डोंबिवलीच्या एमआयडीसीत बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये गेल्या जानेवारीत इसवी सन दोन हजार एकाहत्तर चालू होतं. जग संपत आलं होतं. माणसाने बनवलेले रोबोट माणसावरच उलटले होते आणि सैन्याची शेवटची तुकडी, म्हणजे कल्याण-डोंबिवलीतली अकरा पोरं, खेळण्यातल्या बंदुकांना काळा रंग फासून त्यांच्याशी लढत होती. कथेत रोबोट पाचशे होते. पोशाख मात्र सहाच शिवून झाले होते. त्यामुळे तेच सहा जण सकाळी एका दाराने येऊन मरायचे, दुपारी दुसऱ्या दाराने येऊन पुन्हा मरायचे आणि उजेड उतरायला लागला की डोकी काढून वडापाव खायला बसायचे.

यातला चार नंबरचा रोबोट म्हणजे शेजारच्या कोपर गावातला संदेश पालव. वय छत्तीस, धंदा ग्रिल आणि शटर बनवण्याचा. रोबोटांचे आतले सांगाडे त्यानेच वळवून दिले होते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, वरून फोम, सांध्यांना वॉशिंग मशीनचे पाइप आणि डोळ्यांच्या जागी स्कूटरचे इंडिकेटर. पहिला पोशाख मापाला म्हणून त्याच्याच अंगावर चढवला, तेव्हा दिग्दर्शक जयेश त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "दादा, आता काढूच नका. असे खांदे मला कुठे मिळणार?" जयेश कल्याणचा, अठ्ठावीस वर्षांचा, डोळ्यांत झोप आणि डोक्यात पिक्चर. त्याला नाही म्हणणं अवघड होतं.

पण संदेशने हो म्हटलं ते जयेशसाठी नाही, विनीतसाठी. विनीत त्याचा धाकटा भाऊ. चोवीस वर्षांचा, आणि नऊ वर्षं कमरेखाली हालचाल नाही. खाटेवर पडून तो दिवसभर मोबाइलवर असलेच पिक्चर बघायचा. सैनिक, बिघडलेले रोबोट, ऐन वेळी घाबरणारा एक शास्त्रज्ञ आणि सगळ्यांच्या तोंडी कुठल्या तरी भलत्याच आवाजातली हिंदी. जेवढा पिक्चर फालतू तेवढा विनीत खूश. तो नुसता बघायचा नाही, थांबवून थांबवून बघायचा. कुठल्या रोबोटच्या मानेतून आतल्या माणसाचा टी-शर्ट दिसतो, कुठला मेलेला सैनिक श्वास घेतो, हे शोधून काढायचा आणि हाक मारायचा, "दादा, हा बघ, आत माणूस आहे." घरात एवढं हसू त्याच एका कारणाने यायचं. भावाने एकदा आपल्यालाही असं शोधून काढावं, एवढीच संदेशची हौस होती.

आता नऊ वर्षांपूर्वीचं सांगायला हवं, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

संदेश तेव्हा कोपरच्या एका गोविंदा पथकात होता. सगळ्यात खालच्या थराच्या मधोमध त्याची जागा ठरलेली. शेजारी परशुराम, त्याचा समोरच्या दारातला दोस्त. पथकाला शिकवायचे ते एक म्हातारे वस्ताद, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला की पहिल्या दिवशी भाऊ एकच गोष्ट सांगायचे. खालच्याने मान छातीत घालायची, हात शेजाऱ्याच्या खांद्यावर टाकायचे, नजर स्वतःच्या अंगठ्यावर ठेवायची. वर बघायचं नाही. वर काही का होईना. कारण हनुवटी वर उचलली की खांदा आपोआप खाली येतो. "खाली दोन बोटं, तर वर दोन हात," असं भाऊ म्हणायचे, आणि ऐकणारा कितीही दांडगा असला तरी त्याला मानेवर टपली मारून ते पटवायचे.

त्या वर्षी विनीत पंधराचा झाला होता, अंगाने काडी आणि चढायला माकड. वडील लवकर गेलेले, त्यामुळे संदेश त्याचा भाऊही होता आणि थोडासा बापही. सगळ्यात वर विनीतला चढवा, असं भाऊंच्या मागे लागून संदेशनेच कबूल करून घेतलं होतं. गोपाळकाल्याला ट्रक ठाण्याला निघाला. टेंभी नाक्याच्या मोठ्या हंडीला पोचायच्या आधी वाटेतल्या एका गल्लीत सहा थरांची सलामी द्यायचं ठरलं. एकेक थर चढत गेला. वजन वाढत वाढत अचानक हलकं झाल्यासारखं वाटलं, म्हणजे शेवटचा वर पोचला होता. गल्लीत एकच ओरडा उठला. आणि संदेशने वर बघितलं.

भीतीने नाही, कुणी हाक मारली म्हणून नाही. आपला विन्या वर उभा राहिलेला कसा दिसतो ते त्याला बघायचं होतं. पापणी लवेपर्यंत, तेवढंच. मग डावा खांदा खाली आला आणि वरचं सगळं घरंगळत खाली आलं. त्याच सुमारास बाजूच्या गॅलरीतून कुणी तरी गोविंदांवर बादली रिकामी केली. खाली ज्याला त्याला पाणीच दिसलं. हॉस्पिटलात पाणी, पोलिसांच्या कागदावर पाणी, पथकाच्या बैठकीत पाणी. कुणी विचारलं तेव्हा संदेशही म्हणाला, "पाणी मारलं वरून." खोटं असं एकदाच बोलावं लागलं. पुढे नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला काय कष्ट पडतात?

आई मात्र गप्प बसली नाही. त्या बादलीवाल्याला तिने कधी बघितलं नव्हतं, पण नऊ वर्षांत एक दिवस त्याला शिव्याशाप दिल्याशिवाय गेला नाही. विनीतच्या पाठीला पावडर लावताना, त्याची लघवीची पिशवी बदलताना, "त्याचे हात झडतील मेल्याचे" हे तिचं चालूच. संदेश शेजारी उभा राहून मान डोलवायचा. ज्याचे हात झडायला हवेत तो आपल्याच शेजारी उभा आहे, हे त्या माउलीला कुठून कळणार? सांगायचं त्याने शंभर वेळा ठरवलं. आधी विनीत हॉस्पिटलातून येऊ दे म्हणाला. मग आईचं ब्लडप्रेशर उतरू दे. मग दक्षताशी लग्न ठरलं, तेव्हा नवीन माणसासमोर नको. सांगायची वेळ पुढे ढकलता ढकलता ती वेळ निघूनच गेली, आणि मग त्याला वाटायला लागलं की आता सांगून कुणाचं भलं होणार आहे.

तर शूटिंगकडे. चौथ्या आठवड्यात जयेशपुढे एक पेच उभा राहिला. सैन्याच्या तळाची उंच भिंत रोबोट ओलांडतात, असं कथेत होतं. उडणारे रोबोट दाखवायची ऐपत नव्हती. परशुराम दोन नंबरचा रोबोट होता आणि त्याचं तोंड कधी बंद नसायचं. तो बोलून गेला की मी आणि संद्या पथकातले. जयेश उठून उभाच राहिला. "दादा, रोबोटांनी थर लावला तर? जगात कुणी दाखवलं नसेल."

"माझी पाठ दुखते," संदेश म्हणाला.

घरी येऊन तो बोलला नाही, पण परशुरामच्या तोंडून दक्षताला कळलं आणि दक्षताच्या तोंडून विनीतला. विनीत थोडा वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कर ना, दादा. मला बघायचंय."

त्याला नाही म्हणायचं तोंड संदेशला नव्हतं.

सहाच पोशाख, म्हणून खाली तीन, मध्ये दोन, वर एक. वर चढायला कल्याणची संचिता होती, मल्लखांब करणारी कॉलेजातली मुलगी. तिच्या कमरेला दोर, दोर छताच्या तुळईला, खाली दोन हात जाड गाद्या. पडली तरी खरचटणार नाही एवढी तयारी. सैनिकाने गोळी झाडायची, वरच्या रोबोटने मागे गाद्यांवर पडायचं आणि खालच्या तिघांनी काहीच झालं नाही अशा थाटात पुतळ्यासारखं उभं राहायचं. जयेशने ते तीनतीनदा समजावलं. "रोबोट वर बघत नाही, दादा. यंत्र आहे ते. वरचा पडला काय न् राहिला काय, त्याला सुखदुःख नाही."

पहिल्या वेळी संदेशने वर बघितलं. जयेश म्हणाला, "होतं असं, पुन्हा घेऊ." दुसऱ्या वेळी त्याने दात आवळले, नजर पायाच्या अंगठ्यावर लावायला गेला, तर अंगठा फोमच्या बुटात. संचिता वर पोचली, खांद्यावरचं वजन हलकं झाल्यासारखं वाटलं, आणि मान पुन्हा उचलली गेली. "खांदा सांभाळ," परशुराम फोमच्या आतून पुटपुटला. तिसऱ्या वेळी खांदा सुटलाच. मधल्या रोबोटचा गुडघा घसरला आणि गोळी झाडायच्या आधीच संचिता गाद्यांवर येऊन आपटली.

पोरं हसायला लागली. संचिताही हसत होती. संदेश मात्र गाद्यांवर गुडघे टेकून तिच्यापाशी पोचला होता. त्याच्या मुखवट्यातले इंडिकेटर लुकलुकत होते. फोमच्या हातांनी त्याने तिचे खांदे धरले.

"पाय हलव," तो म्हणाला. "पाय हलव बघू."

"काका, मी ठीक आहे."

"पाय हलव."

हसणं थांबलं. संचिताने एकदा जयेशकडे बघितलं आणि मग दोन्ही पाय हळूहळू हलवून दाखवले. संदेशने तिला तीन वेळा हलवायला लावले. परशुरामने त्याला काखेत हात घालून उठवलं, बाहेर नेलं, मुखवटा काढून पाणी पाजलं आणि एक शब्दही विचारला नाही. वर्षानुवर्षं ज्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहिलं त्याचा खांदा कधी सुटला हे परशुरामला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

जयेशने कॅमेरा बंद केलाच नव्हता. संध्याकाळी त्याने संदेशला लॅपटॉपवर तुकडा दाखवला. चार नंबरचा रोबोट मान वर करतो, संथ गतीत, पिवळे डोळे पेटलेले, आणि वरून दुसरा रोबोट कोसळतो. "दादा, अख्खा पिक्चर फिरवला मी. यांच्यातल्या एकाला माया असते. तो तुमचा रोबोट. टीझरचा शेवट हाच. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता टाकतोय."

"तेवढं काढून टाक," संदेश म्हणाला. "दुसरं काही पण टाक."

"का पण?"

का ते सांगता आलं असतं तर नऊ वर्षं कशाला गेली असती? जयेशला वाटलं, साधा माणूस आहे, लाजतोय. त्याने संदेशच्या पाठीवर थाप मारली.

विनीत तो तुकडा थांबवून थांबवून बघणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. हनुवटी वर, डावा खांदा खाली. ज्याला मेलेल्या सैनिकाचा श्वास दिसतो त्याला हे दिसणार नाही? संदेशच्या हातात चार दिवस होते. त्याच्या आधी आपल्या तोंडाने सांगायचं, एवढंच काम.

बुधवारी संध्याकाळी तशी वेळ चालून आली. रोज साडेसहाला संदेश विनीतला दोन्ही हातांवर उचलून व्हीलचेअरमध्ये बसवायचा आणि रेल्वेलाइनच्या पलीकडे खाडीच्या बाजूला फिरवून आणायचा. हे काम त्याने नऊ वर्षांत दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. ताप असला तरी नाही. त्या दिवशी खाडीला ओहोटी होती, चिखलात बगळे उभे होते, माणूसकाणूस कुणी नव्हतं. विनीतच्या मोबाइलवर रोबोट मरत होते.

"विनीत," संदेश म्हणाला, "त्या दिवशी..."

विनीतने पिक्चर थांबवला. मोबाइल मांडीवर पालथा ठेवला आणि मान वळवून भावाकडे बघितलं. नुसता थांबून राहिला. एक मालगाडी गेली, तिचे डबे संपेस्तोवर थांबला.

"त्या दिवशी जयेश म्हणत होता," संदेश म्हणाला, "टीझर शुक्रवारी येतोय."

"बरं," विनीत म्हणाला आणि त्याने मोबाइल उचलला.

गुरुवारी संदेश उशिरापर्यंत दुकानात शटरला वेल्डिंग मारत बसला, जे शनिवारी द्यायचं होतं. शुक्रवारी पाच वाजता त्याच्या खिशात मोबाइल वाजायला लागला. पथकातल्या जुन्या मंडळींचे अंगठे, आणि दक्षताचे तीन फोन. त्याने एकही घेतला नाही. साडेसहाला घरी यावंच लागलं, विनीतला उचलायचं होतं.

"अहो, होतात कुठे?" दक्षता दारातच म्हणाली. तिचं तोंड आनंदाने फुललं होतं. "वीस-पंचवीस वेळा बघितलं असेल भाऊजींनी. मी चाळीत सगळ्यांना दाखवून आले. आईंना पण दाखवलं." आत स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती आणि आपला मुलगा लोखंडाचा कसा दिसतो ते शेजारच्या बाईला सांगत होती.

विनीत उशीला टेकून बसला होता. मोबाइलवर चित्र थांबवलेलं. संदेश खाटेच्या कडेला टेकला.

"हे बघ," विनीत म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो बोटाने चित्र थोडं पुढे, थोडं मागे सरकवत होता. "आधी हनुवटी वर जाते. मग डावा खांदा खाली. मग मधल्याचा गुडघा."

"पोशाख जड पडतो रे," संदेश म्हणाला. "गळ्यापाशी कापतो."

"असंच झालेलं."

"कधी?"

"दादा."

बोलायला याहून मोकळी जागा कुणी कुणाला काय करून देणार? दार उघडं करून, दिवा लावून, पाट मांडून ठेवला होता त्या पोराने. संदेशने तोंड उघडलं. आणि नऊ वर्षं ज्या वाटेने जीभ गेली होती त्याच वाटेने ती गेली.

"पाणी मारलेलं ना वरून," तो म्हणाला. "त्या गॅलरीतल्याने. सगळ्यांनी बघितलंय."

विनीतने मोबाइलची स्क्रीन बंद केली. आत लाटणं चालू होतं.

"वरून काय दिसतं माहितेय तुला?" मग तो म्हणाला. "नुसती डोकी. तुमची सगळ्यांची. कुणाचे केस, कुणाचं टक्कल, कुणाच्या डोक्याला बांधलेला रुमाल. तोंड एकाचं दिसत नाही. मी वर उभा राहिलो आणि खाली बघितलं, तर मधोमध एक तोंड होतं. तू हसत होतास, दादा. पाणी नंतर आलं. मी पडायला लागलेलो तेव्हा आलं."

संदेशने मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." विनीत बोटांनी चादरीच्या चुण्या सारख्या करत होता. "हॉस्पिटलात रोज वाटायचं, आज सांगेल. मी ठरवून ठेवलेलं काय बोलायचं ते. शिव्या घालणार होतो भरपूर. मग रडणार होतो. मग म्हणणार होतो, जाऊ दे, मला बघायलाच बघितलंस ना. सगळं पाठ होतं मला. घरी आल्यावर वाटलं, आता सांगेल. तुझं लग्न झालं तेव्हा वाटलं. परवा खाडीवर तू 'त्या दिवशी' म्हणालास तेव्हा तर..." तो थांबला. "आत्ता पण तू पाणीच सांगितलंस."

"चुकलो रे मी, विन्या." संदेशला रडू आवरेना. छत्तीस वर्षांचा दांडगा बाप्या, लोखंड वाकवणारा, खाटेच्या कडेला बसून पोरासारखा हुंदके देत होता. "घाबरलेलो मी. तू तोंड बघणार नाहीस माझं म्हणून घाबरलेलो."

"हं," विनीत म्हणाला.

तो पाठ केलेलं काही बोलेल म्हणून संदेश वाट बघत राहिला. शिव्या तरी घालेल. पण विनीतने तेही बोलून दाखवलं नाही. ते त्याच्यापाशी आता उरलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्यालाही त्याचं वाईट वाटत असावं.

घड्याळात पावणेसात झाले. संदेशने बाहीने तोंड पुसलं, उठला, व्हीलचेअर खाटेला लावली, चाकांना ब्रेक लावला आणि रोजच्यासारखा वाकून विनीतच्या गुडघ्यांखाली हात घालायला गेला. विनीतने त्याच्या छातीवर हात ठेवला.

"राहू दे. परशुरामला हाक मार. तो बसवेल."

"अरे, मी आहे ना."

"म्हणून तर," विनीत म्हणाला. "आजपासून त्याला सांग."

संदेश तसाच वाकलेला थोडा वेळ राहिला. मग सरळ झाला, दारापर्यंत गेला आणि त्याने समोरच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. परशुराम टॉवेलला हात पुसत आला. त्याने रिकामी खुर्ची बघितली, खाटेवरचा विनीत बघितला, आणि संदेशचे लाल डोळे बघितले. स्वयंपाकघराच्या दारात आई आणि दक्षता दोघी येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं रे?" आई म्हणाली. "परशुरामला कशाला बोलावलंस?"

"पाठ धरली काय, संद्या?" परशुराम म्हणाला.

विनीत भावाकडे बघत होता.

"हो," संदेश म्हणाला. "पाठ धरलीये."

विनीतने नजर काढून घेतली आणि परशुरामच्या गळ्यात हात टाकले.